टेकडीच फोडून बांधला तुरुंग
पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटल तुरुंगासाठी दगड दुरून आणावा लागला नाही. जून १८५० मध्ये ‘सिंडियन’ जहाजातून ७५ ब्रिटिश कैदी बंदरात उतरले, तेव्हा त्यांना ठेवायला तुरुंगच नव्हता. एका गोदामात सोय करावी लागली. मग गावाशेजारची चुनखडीची टेकडी निवडली गेली. जागा सपाट करताना निघालेल्या दगडातूनच भिंती उभ्या राहिल्या. म्हणजे इमारतीची जागा हीच दगडाची खाण, आणि खाणकामगार तिथलेच भावी रहिवासी! सरकारी काटकसरीचा याहून क्रूर नमुना सापडणे अवघड. १८५५ मध्ये कैदी नव्या इमारतीत हलले आणि मुख्य बांधकाम १८५९ मध्ये संपले. कोठडी जेमतेम सात फूट लांब, चार फूट रुंद.

त्या खडकाने कैद्यांची पाठ पुढेही सोडली नाही. १८८८ पासून सहा वर्षे त्यांनी तुरुंगाखाली सुमारे २० मीटर खोलीवर बोगदे खोदले. हेतू एकच, शहराला गोडे पाणी. वर कोठड्यांमध्ये मात्र संडास कधीच आला नाही. १९९१ मध्ये तुरुंग बंद होईपर्यंत कैद्यांच्या नशिबी बादलीच होती. २०१० पासून ही वास्तू युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे आणि पर्यटकांना त्या बोगद्यांतही उतरता येते.