वेबपानातले पाहुणे प्रोग्राम आणि गल्ल्याची किल्ली

ई-निविदा किंवा आयकराचे विवरणपत्र डिजिटल सहीने भरताना एके काळी 'जावा बसवा', 'परवानगी द्या' अशा सूचना संगणकावर येत. व्यापारी बांधव घाईत 'होय' दाबून मोकळे होत. त्या 'होय'चा अर्थ काय होता, हे आम्ही येथे थोडक्यात मांडत आहोत.

सुरुवातीची वेबपाने छापील पत्रकासारखी होती, वाचावीत, एवढेच. १९९६ साली नेटस्केप नॅव्हिगेटर २ या ब्राउझरने प्लगिनची सोय आणली. प्लगिन म्हणजे ब्राउझरला जोडलेला उपप्रोग्राम. पानातली ठरावीक चौकट ब्राउझर त्याच्या हवाली करी आणि तेथे हलती चित्रे, खेळ वा हिशेबाचा तक्ता चालू लागे. फ्लॅश हे त्यातले सर्वांत गाजलेले नाव.

यात दोन पद्धती होत्या. सन कंपनीचे जावा ॲपलेट पानाबरोबर येई, पण जावाच्या कुंपणात चाले. खास परवानगीवाचून आपल्या फायलींना त्याला हात लावता येत नसे. बाहेरचा कारागीर ओट्यावर बसवावा आणि आतली खोली बंद ठेवावी, तसे. मायक्रोसॉफ्टच्या ॲक्टिव्हएक्सला मात्र असे कुंपण नव्हते. एकदा परवानगी मिळाली की संगणकावर आपण जे करू शकतो ते सारे त्यालाही करता येई. म्हणजे कारागिराच्या हाती गल्ल्याची किल्लीच! त्यावर बनवणाऱ्याची डिजिटल सही असे. पण सहीवरून माल कोणाचा एवढेच कळते, माल कसा ते कळत नाही.

पुढे जावाच्या कुंपणालाही भगदाडे पडली. जानेवारी २०१३ मध्ये अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्याने ब्राउझरमधील जावा बंद ठेवण्याचा सल्ला दिला. २०१५ साली क्रोमने जुन्या पद्धतीचे प्लगिन बंद केले. ३१ डिसेंबर २०२० रोजी ॲडोबी कंपनीने फ्लॅशला निरोप दिला. आता हलती चित्रे व तक्ते ब्राउझर स्वतःच दाखवतो. डिजिटल सहीसाठी बहुधा वेगळा प्रोग्राम संगणकावर बसवावा लागतो.

तेव्हा 'फ्लॅश अपडेट करा' असा संदेश आज दिसला तर तो फसवणुकीचा समजावा. सहीचा प्रोग्राम त्या त्या खात्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावा. गिऱ्हाइकांचे हिशेब ही आपल्याकडची अमानत आहे. तिची किल्ली अनोळखी हाती देऊ नये.