लॅपटॉप तापतो तेव्हा झळ कुणाला बसते?

मी दिवसाचे नऊ-दहा तास लॅपटॉपवर कोड लिहितो, त्यामुळे उन्हाळा आला की मित्रांचा एक प्रश्न ठरलेला: "एवढा तापतोय, प्रोसेसर जळेल का रे?"

सहसा नाही. बरेच प्रोसेसर ९५ ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोचले की स्वतःच वेग कमी करतात. म्हणून तर मशीन अडखळायला लागतं. खरी झळ बसते ती शेजारच्या बॅटरीला. सतत उष्णता सोसून तिची क्षमता लवकर घटते, कधी ती फुगतेसुद्धा. फुगलेली दिसली तर लॅपटॉप लगेच बंद करा, चार्जर काढा आणि थेट सर्व्हिस सेंटर गाठा.

मग करायचं काय? बरेच लॅपटॉप खालच्या जाळीतून हवा ओढतात. गादीवर ठेवलात की जाळीच बंद! टेबलावर ठेवा, मागची बाजू इंचभर उचला. फॅन जोरात ओरडायला लागला की टास्क मॅनेजर उघडून सीपीयू कोण खातंय ते बघा. बहुतेकदा ब्राउझरचे टॅबच सापडतात. दिवसभर चार्जर लावून बसत असाल, तर सेटिंग्जमध्ये ८० टक्क्यांची मर्यादा मिळते का शोधा. जाळीतली धूळही अधूनमधून साफ करा.

आणि हो, हे ऐकताना लॅपटॉप गादीवर असेल, तर आधी उचला!