कुंपण कशाचं घातलं?

या आठवड्यात अमेरिकेतल्या १८८७ च्या डॉझ कायद्याबद्दल लिहायचं कबूल केलं होतं. ते पुढे ढकलतो आहे, आणि दोष एका शेतकरी वाचकाचा आहे. होमस्टेड कायद्यावरचा लेख वाचून त्यांनी पत्रात एकच प्रश्न विचारला: १६० एकर सरकारने दिले हे ठीक, पण जिथे झाडच नाही तिथे कुंपण कशाचं घातलं? गुरांनी पीक राहू दिलं का?

नांगर धरलेल्या माणसालाच सुचेल असा प्रश्न आहे. पश्चिमेच्या कथा सांगणारे रेल्वे आणि रिव्हॉल्व्हरवर पानंच्या पानं खर्च करतात आणि कुंपण विसरतात.

पूर्वेकडच्या राज्यांत हा प्रश्न नव्हता. जंगल तोडूनच शेत करायचं, तेव्हा ओंडके हाताशी असत. ते उभे चिरायचे आणि नागमोडी रचायचे, झालं कुंपण. कॅन्सस-नेब्रास्काच्या माळावर मात्र माणसं घरंसुद्धा गवताच्या मुळांसकट कापलेल्या मातीच्या लाद्यांची बांधत होती. तिथे खांबाला लाकूड मिळायची मारामार, मग आडव्या फळ्या कुठून आणणार? त्यात पश्चिमेत बहुतेक ठिकाणी रिवाज आणि कायदा गुरांच्या बाजूचा. गुरं मोकाट चरणार, ज्याला पीक राखायचं त्याने कुंपण घालावं. नाही घातलं तर नुकसानभरपाई मागू नये.

उपाय शोधणारे पुष्कळ होते. ओसेज ऑरेंज नावाच्या काटेरी झाडाची वई लावायचं वेड काही वर्षं चाललं. वई उत्तम होते, पण गुरं अडवण्याइतकी दाट व्हायला चार-पाच वर्षं लागतात आणि तोवर घरात खायला लागतं. साधी तार ताणून पाहिली, तर ती थंडीत आकसून तुटायची, उन्हात सैल पडायची, आणि बैल तिला पाठ घासायचे.

१८७३ साली इलिनॉयमधल्या डिकॅल्ब गावच्या जत्रेत एकाने खिळे मारलेली लाकडी पट्टी मांडली होती. ती पाहून तीन गावकऱ्यांच्या डोक्यात एकदमच चक्रं फिरली: शेतकरी जोसेफ ग्लिडन, लोखंडी सामानाचा दुकानदार आयझॅक एलवुड आणि लाकडाचा व्यापारी जेकब हेश. ग्लिडन तेव्हा साठीचा होता. काट्यांची वेटोळी करायला त्याने कॉफी दळायचं यंत्र वापरलं, असं सांगतात. खरी हुशारी मात्र पुढे होती. त्याने काटा एका तारेवर बसवला आणि दुसरी तार तिच्याभोवती पिळली. त्यामुळे काटा जागचा सरकत नाही आणि पिळामुळे तार हवामानानुसार थोडी आकसू-ताणू शकते. २४ नोव्हेंबर १८७४ ला पेटंट मिळालं. अर्धा हक्क त्याने एलवुडला अवघ्या २६५ डॉलरला विकला होता. उरलेला अर्धा १८७६ मध्ये ६०,००० डॉलर अधिक रॉयल्टीवर गेला. हेश मात्र भांडत राहिला, आणि खटल्यांचा निकाल सुप्रीम कोर्टाने १८९२ साली ग्लिडनच्या बाजूने दिला. त्या वेळी त्याच्या पेटंटची मुदतही संपलेली होती!

१८७४ मध्ये दहा हजार पौंड तार बनली होती. १८८० मध्ये आठ कोटी पौंड.

इथपर्यंत ही गरीब शेतकऱ्याच्या सुटकेची गोष्ट वाटते, आणि पुष्कळदा ती इथेच थांबवतात. मला ते पटत नाही. बड्या पशुपालकांनीही ही तार भरपूर विकत घेतली. टेक्ससच्या एक्सआयटी रँचने तीस लाख एकरांभोवती तार ओढली. ती जमीन निदान त्यांना ऑस्टिनचं विधानभवन बांधून देण्याच्या बदल्यात मिळालेली होती. इतर अनेकांनी सरळ सरकारी जमीन, पाणवठे आणि रस्तेसुद्धा कुंपणात घेतले. कुंपणच शेत खातं म्हणतात, ते टेक्ससमध्ये अक्षरशः घडलं.

१८८३ च्या दुष्काळात पाणी तारेपलीकडे राहिलं तेव्हा लहान पशुपालक रात्री टोळ्या करून तारा कापू लागले. माणसं मेली. १८८४ च्या जानेवारीत गव्हर्नर आयर्लंड यांनी विधिमंडळाचं खास अधिवेशन बोलावलं आणि कायदा झाला: तार कापणं हा गंभीर गुन्हा, तुरुंगवास, दुसऱ्याची किंवा सरकारी जमीन कुंपणात घेणं हा किरकोळ गुन्हा. कायदा कोणाच्या ओसरीवर लिहिला गेला, हे वेगळं सांगायला नको. पुढच्या वर्षी वॉशिंग्टननेही सरकारी जमिनीवरची कुंपणं काढायला लावणारा कायदा केला.

निसर्गाचा हिशेब आणखी कडक निघाला. हिमवादळात गुरं वाऱ्याकडे पाठ करून चालत राहतात. टेक्ससच्या उत्तर भागात गुरांना दक्षिणेकडे जाऊ न देण्यासाठी मैलोन्‌मैल आडवी तार ओढलेली होती. १८८६ च्या जानेवारीत हजारो गुरं त्या तारेला येऊन थटली आणि तिथेच गोठून मेली. पुढच्या हिवाळ्यात उत्तरेकडे डाकोटा-मोंटानात त्याहून मोठा संहार झाला. तिथे दोष तारेचा कमी आणि भरमसाट गुरं पोसण्याच्या हावेचा जास्त. त्यात थिओडोर रूझवेल्ट नावाच्या न्यूयॉर्कच्या एका हौशी रँचमालकाचंही मोठं नुकसान झालं. त्याची गाठ आपल्याला पुढे क्युबात पडेलच.

मोकळ्या माळाचा काळ असा वीस-पंचवीस वर्षांत आटोपला. काऊबॉय उरला, पण तो आता घोड्यावरून कुंपणाकडेने फिरत खांब ठोकत, तार ताणत होता. सिनेमावाल्यांना यात फारसा रस नाही.

हीच तार १९१८ मध्ये फ्रान्समधल्या आर्गॉनच्या जंगलात अमेरिकन सैनिकांना आडवी येईल. तेव्हा तिच्याबद्दल पुन्हा लिहीन. पुढच्या आठवड्यात डॉझ कायदा नक्की. शेती करणाऱ्या वाचकांनी असेच प्रश्न पाठवत राहावं.