मातावेरीची वाट

चिलीतलं सँतियागो ते ईस्टर बेटावरचं मातावेरी विमानतळ हे हवाई अंतर साधारण 3,750 किलोमीटर, म्हणजे मुंबई-दिल्लीच्या तिपटीहून जास्त. वाटेत फक्त पॅसिफिक महासागर. बेट सँतियागोच्या अक्षांशापेक्षा सहा अंश उत्तरेला आहे, तरी पृथ्वीच्या गोलाईवरची सर्वांत जवळची वाट धरली तर विमान सुटतं ते जवळजवळ नेमकं पश्चिमेकडे तोंड करून. उत्तरेकडचा कल पुढे हळूहळू येतो.

जायला सुमारे साडेपाच तास लागतात, परतायला पावणेपाच. फरक पश्चिमेकडून वाहणाऱ्या वाऱ्यांचा. तिकिटावर मात्र उलटंच दिसतं. बेटाचं घड्याळ सँतियागोच्या दोन तास मागे असल्याने जाणं साडेतीन तासांचं वाटतं आणि येणं पावणेसात तासांचं! वारा जाताना जेवढा वेळ घेतो तेवढा परतताना देतही नाही. ताशी 900 किलोमीटर वेगाच्या जेटला वाटभर ताशी 100 किलोमीटरचा वारा आहे असं धरू. समोरून असेल तर 31 मिनिटं वाढतात, पाठीमागून असेल तर 25च वाचतात. कारण विरुद्ध वाऱ्यात विमान जास्त वेळ राहतं.

1951च्या जानेवारीत चिलीच्या हवाई दलाचे रोबेर्तो पारागे ‘मानुतारा’ नावाचं कॅटलिना विमान घेऊन ला सेरेनाहून निघाले. बेटावर पोचायला त्यांना सुमारे 19 तास लागले. नियमित प्रवासी सेवा 1967 साली आली. पुढे 1980च्या दशकात अमेरिकेच्या ‘नासा’ने अंतराळ शटलला आणीबाणीत उतरता यावं म्हणून इथली धावपट्टी लांबवली. आज ती 3,318 मीटर आहे. शटल तिथे कधीच उतरलं नाही. पण मोठी प्रवासी जेट उतरतात ती त्या लांबीमुळेच.

माझ्या मते मातावेरीचा दुर्गमपणा चिलीपासूनच्या अंतरात नाही. तो आहे दुसरी धावपट्टी जवळ नसण्यात. सर्वांत जवळची धावपट्टी मांगारेव्हा बेटांची, सुमारे 2,600 किलोमीटरवर, आणि तीही 2,000 मीटरचीच. नेहमी वैमानिकाच्या हाती पर्यायी विमानतळ असतो, इथे नसतो. अशा एकाकी विमानतळाकडे जाणाऱ्या जेटजवळ, तिथे पोचल्यावरही सुमारे दोन तास उडता येईल एवढं इंधन असावं लागतं. वाटेत असा एक बिंदू येतो की तो ओलांडल्यावर माघारी वळण्याइतकं इंधन उरत नाही. म्हणून तिथे पोचण्यापूर्वीच बेटावरचं हवामान आणि धावपट्टी यांची खात्री करून निर्णय घ्यावा लागतो. एक विमान उतरेपर्यंत मागच्याला तो बिंदू ओलांडू देत नाहीत. पुढचं विमान उतरताना बिघडून धावपट्टीवरच अडकलं, तर मागच्याला उतरायला जागाच राहणार नाही.

2017च्या जनगणनेनुसार बेटावर 7,750 माणसं राहत होती. हांगा रोआ गावात रुग्णालय आहे, पण तिथे न होणाऱ्या उपचारांसाठी गंभीर रुग्णाला सँतियागोलाच न्यावं लागतं. त्याच्या घरच्यांचा हिशेब वेळापत्रकातल्या पावणेपाच तासांपाशी संपत नाही. बेटावर विमान उभं नसेल, तर ते सँतियागोहून येईपर्यंतचे साडेपाच तास त्यांना आधी धरावे लागतात.