युद्धपट पाहताना विमानवेडे काय मोजतात?

छत्रपती संभाजीनगर (खास प्रतिनिधी) : लढाऊ विमानांवरचा चित्रपट संपला, की प्रेक्षकांचे सरळ दोन तट पडतात. बहुसंख्य मंडळी नायकाच्या संवादांना टाळ्या देऊन घरी जातात. मूठभर मात्र क्रांती चौकात उड्डाणपुलाच्या आसपास चहाचा कप हातात धरून, पडद्यावरच्या विमानाच्या पंखाखाली क्षेपणास्त्रे किती होती आणि त्याने डागली किती, याचा हिशेब मांडत बसतात. या मूठभरांना विमानवेडे म्हटले जाते. विमान नुसत्या आवाजावरून ओळखणारी, वायुदलाच्या स्क्वाड्रनची बोधचिन्हे तोंडपाठ असणारी ही जमात चित्रपटातील चुका काढण्यासाठीच जन्माला आली आहे, असा इतरांचा समज असतो. त्यांचे आक्षेप नीट ऐकले, तर हा समज टिकत नाही.

गेल्या काही वर्षांत त्यांना चर्चेसाठी विषयांची वाण पडलेली नाही. जानेवारी २०२४ मध्ये ‘फायटर’ आला आणि बरोबर वर्षभराने, २४ जानेवारी २०२५ रोजी, ‘स्काय फोर्स’ प्रदर्शित झाला. यातील दुसऱ्या चित्रपटाने विमानप्रेमींना अधिक अस्वस्थ केले. कारण त्यामागची कथा कल्पित नव्हती.

तेरावे विमान

ही कथा ७ सप्टेंबर १९६५ ची आहे. त्या पहाटे भारतीय वायुदलाच्या ‘टायगर्स’ या पहिल्या स्क्वाड्रनची फ्रेंच बनावटीची मिस्टेअर विमाने पंजाबातील आदमपूर तळावरून पाकिस्तानातील सरगोधा या बलाढ्य हवाई तळाकडे झेपावली. नेतृत्व विंग कमांडर ओ. पी. तनेजा यांच्याकडे होते. मोहीम बारा विमानांची होती. स्क्वाड्रन लीडर ए. बी. देवय्या यांचे नाव राखीव वैमानिकांत होते. एखादे विमान आरंभीच गळाले, तरच त्यांनी त्याची जागा घ्यायची होती. प्रत्यक्षात देवय्या सरगोध्यापर्यंत गेले. हल्ला करून परतताना पाकिस्तानी वायुदलाच्या फ्लाइट लेफ्टनंट अमजद हुसेन यांच्या अमेरिकी बनावटीच्या स्टारफायटरने त्यांना गाठले.

सामना विषम होता. स्टारफायटर ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाणारे विमान. मिस्टेअरला सरळ उड्डाणात ध्वनीचा वेगही गाठता येत नसे. देवय्यांच्या विमानाला गोळ्या लागल्या. तरीही ते वळले आणि त्यांनी स्टारफायटर पाडले. अमजद हुसेन हवाई छत्रीने बचावले. देवय्या परतले नाहीत. ही झुंज भारताच्या बाजूने पाहणारे कोणीच नव्हते, त्यामुळे ते केवळ ‘बेपत्ता’ ठरले. ब्रिटिश लेखक जॉन फ्रिकर यांचे १९६५ च्या हवाई युद्धावरील पुस्तक १९७९ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा स्टारफायटर मिस्टेअरशी झुंजताना पडल्याचे पाकिस्तानच्याच बाजूने उघड झाले. १९८८ मध्ये, म्हणजे तब्बल तेवीस वर्षांनी, देवय्यांना मरणोत्तर महावीरचक्र जाहीर झाले.

वेगाचे ओझे

हळू विमानाने वेगवान विमान कसे पाडले, हा सामान्य प्रेक्षकाचा पहिला प्रश्न. विमानवेड्यांच्या दृष्टीने चित्रपटाचा खरा गाभा तोच असायला हवा होता. स्टारफायटरचे पंख आखूड आणि पातळ असत. सरळ रेषेत सुसाट जायला ते उत्तम. पण कमी वेगात, लहान वर्तुळात वळायचे झाले, की तेच पंख अपुरे पडत. वेगाने यायचे, मारा करायचा आणि वेगानेच निघून जायचे, ही त्या विमानाची रीत. प्रतिस्पर्ध्याच्या मागे वळणे घेत राहिले, की वेग घटतो आणि श्रेष्ठत्वही ओसरते. देवय्यांकडे वेग नव्हता, वळण होते. शिवाय ३० मिलिमीटरच्या दोन तोफा होत्या.

‘स्काय फोर्स’ने पात्रांची नावे बदलली. तनेजांच्या जागी आहुजा आले, देवय्यांच्या जागी विजया. पाकिस्तानी वैमानिकाची भूमिका शरद केळकर यांनी केली. झुंजीचा पसारा पडद्यावर बराच वाढला, संगणकावर रंगवलेली विमाने खेळण्यासारखी गिरक्या घेऊ लागली. त्यामुळे विमानप्रेमींतही दुमत झाले. चित्रपट नसता तर देवय्यांचे नाव घरोघरी पोचलेच नसते, असे एका गटाचे म्हणणे. ज्याचे शौर्य तेवीस वर्षे पुराव्याअभावी अंधारात राहिले, त्याची कथा सांगताना तरी वस्तुस्थितीशी खेळ नको होता, असे दुसऱ्याचे. दोन्ही बाजूंत तथ्य आहे.

पडद्याची अडचण

चुका होतात त्या केवळ अज्ञानापोटी नव्हे. आधुनिक हवाई युद्ध मुळातच कॅमेऱ्याला न मानवणारे आहे. रडारच्या साह्याने डागली जाणारी क्षेपणास्त्रे कित्येक किलोमीटर दूरच्या लक्ष्यासाठी असतात. शत्रू हा बहुधा काचेवरचा एक ठिपका असतो. पण ठिपक्याशी झुंजणारा नायक तिकीटबारीवर चालत नाही. म्हणून दिग्दर्शक दोन विमानांना एकाच चौकटीत, हाकेच्या अंतरावर आणतो.

तोफांचेही तेच. सुखोई-३० एमकेआय या विमानाच्या तोफेला १५० गोळ्या असतात आणि तिचा वेग मिनिटाला दीड हजार गोळ्यांच्या घरात जातो. म्हणजे चाप दाबून धरला, तर सहा सेकंदांत भाता रिकामा. पडद्यावर मात्र ही तोफ मनसोक्त धडधडत राहते.

तिसरा आक्षेप चेहऱ्यांचा. प्राणवायूचा मुखवटा आणि डोळ्यांवरील काच यांमुळे खऱ्या वैमानिकाचा चेहरा जवळजवळ झाकलेला असतो. ताऱ्याचा चेहरा झाकून कसे चालेल? त्यामुळे मुखवटे सुटतात, काचा वर जातात. शिवाय तीव्र वळणात शरीरावर गुरुत्वाच्या नऊपटीपर्यंत भार येऊ शकतो. सत्तर किलोच्या माणसाला आपले वजन सहाशे तीस किलो असल्यासारखे वाटते. रक्त पायांकडे ओढले जाऊन शुद्ध हरपू नये, म्हणून विशिष्ट पोशाख पाय आणि पोट आवळून धरतो. वैमानिक स्नायू ताणून, धापा टाकत श्वास घेतो. अशा क्षणी मातृभूमीवर चार वाक्ये बोलणे शक्य नसते.

हॉलिवूडच्या ‘टॉप गन : मॅव्हरिक’ने २०२२ मध्ये यावर तोडगा काढला. नौदलाच्या दोन आसनी विमानांत पुढे खरा वैमानिक आणि मागे अभिनेता बसवून, कॉकपिटमध्ये कॅमेरे लावून चित्रीकरण झाले. चेहऱ्यांवरचा ताण खरा असल्याने प्रेक्षकाला तो जाणवला. हवाई डावपेचांबाबत त्या चित्रपटानेही सवलती घेतल्याच. मात्र शरीराबाबत तो खोटे बोलला नाही.

‘विजेता’ची आठवण

हे आपल्याकडे अशक्य आहे, असे मानण्याचे कारण नाही. जुन्याजाणत्या विमानप्रेमींसमोर विषय काढला, की १९८२ च्या ‘विजेता’चे नाव निघतेच. शशी कपूर निर्माते, गोविंद निहलानी दिग्दर्शक आणि पटकथा मराठीतील थोर कवी दिलीप चित्रे यांची. घरातील कलहाने गोंधळलेला तरुण मिग-२१ चा वैमानिक होईपर्यंतचा प्रवास त्यात आहे. संगणकीय चित्रांची सोयच नसल्याने विमाने खरी आहेत. १९९७ च्या ‘बॉर्डर’मध्येही खरी हंटर विमाने दिसली. लोंगेवालाच्या लढाईत या विमानांना रात्री मारा करता येत नव्हता, म्हणून पायदळाच्या तुकडीला पहाटेपर्यंत तग धरावा लागला, ही वस्तुस्थिती त्या चित्रपटाने लपवली नाही. उलट त्याच प्रतीक्षेवर कथेचा ताण उभा केला. तांत्रिक मर्यादा खरी सांगितली, की नाट्य वाढते, हा त्यातला धडा.

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगड येथे मिग-२१ ला वायुदलाने निरोप दिला. १९६३ पासूनची सेवा संपली. याच विमानाच्या अपघातांतून ‘रंग दे बसंती’ची कथा घडली होती. २००६ मध्ये प्रदर्शनापूर्वी तो चित्रपट तत्कालीन संरक्षणमंत्री प्रणव मुखर्जी आणि सेनाप्रमुखांना दाखवावा लागला. आता हे विमान आकाशात दिसणार नाही. त्याचे उड्डाण पाहायचे तर ‘विजेता’सारख्या चित्रफितीच उरल्या. मनोरंजनासाठी केलेले चित्रण काही वर्षांनी दस्तऐवज ठरते, हे विमानवेड्यांना इतरांआधी कळते. त्यांचा काटेकोरपणा तिथून येतो.

या शहराचा संबंध

छत्रपती संभाजीनगरात या चर्चेला आणखी एक पदर आहे. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या परीक्षेसाठी मुलांना तयार करणारी राज्य शासनाची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था १९७७ पासून याच शहरात आहे. २०२२ पासून प्रबोधिनीची दारे मुलींनाही उघडली आहेत. वायुदलाचा गणवेश अंगावर चढवण्याचे स्वप्न पाहणाऱ्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींसाठी युद्धपट म्हणजे त्या आयुष्याचे पहिले दर्शन असते. तिथे त्यांना केवळ गिरक्या आणि घोषणा दिसल्या, तर वैमानिकाच्या हाती शिस्त, गणित आणि इंधनाचा काटा असतो, हे त्यांना कोण सांगणार?

क्रांती चौकाला तर विस्मरणाचा विषय नवा नाही. १८५७ मध्ये इंग्रजांविरुद्ध उठलेल्या हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळातील शिपायांना या शहरात देहान्त शासन झाले; त्याची आठवण इथला काळा चबुतरा सांगतो. रोज हजारो वाहने त्याच्या शेजारून जातात. त्या शिपायांपैकी एकाचे तरी नाव सांगू शकणारे किती निघतील? देवय्यांचे नाव तेवीस वर्षांनी सापडले, तेही ज्याने तपशील नोंदवून ठेवले त्या एका पुस्तकामुळे. कोणते विमान, कोणती वेळ, कोणते ठिकाण, अशा रुक्ष वाटणाऱ्या नोंदींनीच एका बेपत्ता वैमानिकाला त्याचा सन्मान मिळवून दिला. चौकात चहा पिता पिता पंखाखालची क्षेपणास्त्रे मोजणारे विमानवेडे त्याच तपशिलांचा आग्रह धरत असतात.