दिल्लीची ८६३ बाळं आणि आजीचं तिकीट

२०२३ साली दिल्लीत सुमारे ३ लाख १५ हजार जन्मांची नोंद झाली. रोज ८६३. यांतल्या बहुतेकांच्या आयांच्या फाइलवर कितीतरी महिने आधीपासून एक तारीख लिहिलेली असते. आणि जगभरचा अनुभव असा, की नेमकी त्या तारखेला शंभरातली चारेक बाळंच येतात. दिल्लीला हा हिशोब लावला तर रोज पस्तीस जण वेळेवर आणि बाकीचे ८२८ लवकर तरी किंवा उशिरा तरी. इतक्या वक्तशीर गाडीत आपण कुणी पाऊल ठेवलं नसतं.

मराठी या बाबतीत सावध आहे. बाईला 'दिवस जातात', वेळ जवळ आली की 'दिवस भरतात'. किती, ते सांगायचं टाळलेलं. आकडा सांगायचाच तर 'नऊ महिने नऊ दिवस'. फाइलवरची तारीख ज्या नियमानं काढतात तो हायडेलबर्गचे प्रसूतितज्ज्ञ फ्रान्झ नेगेले (१७७८-१८५१) यांच्या नावानं ओळखला जातो: शेवटच्या पाळीचा पहिला दिवस घ्या, नऊ महिने पुढे जा, सात दिवस मिळवा. म्हणजे आपल्या आज्यांचं आणि जर्मन प्राध्यापकाचं भांडण फक्त दोन दिवसांचं.

हा नियम २८० दिवसांचा म्हणून शिकवतात, पण महिने कुठे सारखे असतात? लीप वर्ष नसेल तर १ फेब्रुवारीपासून मोजून ८ नोव्हेंबरला बरोबर २८० दिवस होतात. १ मेपासून मोजलं तर ८ फेब्रुवारी उजाडते आणि दिवस होतात २८३. ना आईनं काही केलं ना बाळानं, तीन दिवस कॅलेंडरनंच वाढवून दिले. शिवाय या २८० मधले पहिले चौदा दिवस पोटात कुणी नसतंच. पाळी २८ दिवसांची आणि स्त्रीबीज चौदाव्या दिवशी सुटणार, हे गृहीत धरलेलं. जिची पाळी ३५ दिवसांची, तिचं बीज साधारण एकविसाव्या दिवशी सुटतं. आठवडा तिथेच गेला. आणि 'होळीनंतर चार दिवसांनी आली होती' अशी आठवण असेल तर विचारायलाच नको.

बरं, बीज सुटल्याचा दिवसच पकडला तर? अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात १९८०च्या दशकात काही स्त्रियांच्या लघवीचे रोजचे नमुने जमवून तो पकडलाही होता. त्यांतल्या १२५ गर्भारपणांचा हिशोब २०१३ साली प्रसिद्ध झाला. बीज सुटल्यापासून बाळंतपणापर्यंत मधला आकडा २६८ दिवस. पण अपुऱ्या दिवसांची सहा बाळं वगळूनही सर्वांत लवकर आलेलं आणि सर्वांत उशिरा आलेलं यांत ३७ दिवसांचं अंतर उरलं! घड्याळ अचूक लावूनही बाळं आपापल्या वेळेलाच आली. दिल्लीत तेवढ्या ३७ दिवसांत जवळजवळ ३२ हजार बाळं जन्मतात.

मग सोनोग्राफी, ज्याला दिल्लीकर 'अल्ट्रासाउंड' म्हणतात. नवव्या-दहाव्या आठवड्यात गर्भ दिवसाला साधारण मिलिमीटरभर वाढतो आणि सगळे जवळपास एकाच चालीनं वाढतात, म्हणून तेव्हा मोजलेलं वय पाच-सात दिवसांपलीकडे सहसा चुकत नाही. पुढे कुणी आईवर जातं, कुणी बापावर. एक लांबुडकं, एक गुबगुबीत. शेवटच्या तिमाहीत पहिल्यांदाच मोजमाप केलं तर तीन आठवडे इकडचे तिकडे होऊ शकतात. आपल्याकडे पुष्कळ बायका पहिल्यांदा तपासायला येतात त्याच उशिराच्या महिन्यांत.

त्यातून मोजपट्टी कुणाची? ह्यूस्टनच्या फ्रँक हॅडलॉक यांनी १९८४ मध्ये ३६१ गर्भांच्या मापांवरून सूत्र बांधलं. हे गर्भ मध्यमवर्गीय गोऱ्या अमेरिकी घरांतले. हॅडलॉक यांचीच सूत्रं आजही आपल्याकडच्या मशीनमध्ये असतात. भारतात वर्षाला सुमारे २ कोटी ३० लाख बाळं जन्मतात, भागून पाहा. ह्यूस्टनच्या एकेका गर्भाच्या वाट्याला आपली ६३ हजारांहून जास्त बाळं येतात, तीही दरवर्षी.

म्हणून गुरुग्रामच्या सरकारी रुग्णालयात २०१५ पासून चाललेलं काम मला मोठं वाटतं. फरीदाबादच्या 'टीएचएसटीआय' या संस्थेच्या पुढाकारानं तिथे 'गर्भिणी' नावाचा अभ्यास सुरू झाला. आजवर १२ हजारांवर स्त्रिया आणि सोनोग्राफीच्या १० लाखांवर प्रतिमा. बाईमागे ऐंशीच्या घरात. आयआयटी मद्रासच्या संशोधकांनी या मापांवरून भारतीय सूत्रं तयार केली. दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीसाठीचं 'गर्भिणी-जीए२' २०२४ मध्ये जाहीर झालं. हॅडलॉकच्या तुलनेत चूक जवळपास तिपटीनं कमी, असा संशोधकांचा निष्कर्ष.

पण मला चक्रावून टाकलं ते त्यांच्या आधीच्या, पहिल्या तिमाहीच्या कामातल्या एका आकड्यानं. ३७ आठवडे, म्हणजे २५९ दिवस भरण्याआधी जन्मलं ते बाळ अपुऱ्या दिवसांचं. त्याच गुरुग्रामच्या बायका, तीच बाळं. फक्त वय मोजायची रीत बदलली तर अपुऱ्या दिवसांच्या बाळांचं प्रमाण सुमारे ११ टक्क्यांपासून साडेसोळा टक्क्यांपर्यंत हललं. हाच फरक देशभरच्या बाळांना लावला (ढोबळ गुणाकार आहे, कबूल), तर वर्षाला बारा लाखांच्या आसपास बाळं नुसत्या सूत्रापायी या रकान्यातून त्या रकान्यात जातात. कागदावर लवकर आलेली आणि पाळण्यात वेळेवर आलेली बारा लाख बाळं.

गुरुग्राम-नोएडाच्या सोसायट्यांतल्या मराठी घरांत हा प्रश्न वेगळ्याच वेशात येतो. पहिलं बाळंतपण माहेरी हे आता प्रत्येकीला जमत नाही, मग आईलाच पुण्याहून किंवा नागपूरहून बोलावून घ्यायचं. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. बाळाची मर्जी ३७ दिवसांत कुठेही फिरते. फाइलवरच्या तारखेच्या दोन दिवस आधीचं तिकीट काढावं तर बाळ तिच्या आधीच हजर. महिनाभर आधी यावं तर आजी डिंकाचे लाडू वळून, दुपटी शिवून, जावयाच्या घरात बसून राहणार. बहुतेक आज्या महिनाभर आधीच येतात, आणि परतीचं तिकीट काढतच नाहीत.