पंचवीस हजारांत लॅपटॉप: डोंबिवलीकरांनो, पैसे देण्याआधी हे वाचा

बारावी झाली, कॉलेजला ॲडमिशन झाली, आणि आता घरात एकच विषय. लॅपटॉप. आतापर्यंत सगळं मोबाइलवर चालत होतं. पण प्रोजेक्ट, कोडिंग, एक्सेल, टॅली हे सहा इंचाच्या स्क्रीनवर होत नाही. बाबांनी बजेट सांगितलंय: पंचवीस हजार, त्याच्या वर एक रुपया नाही. हे पैसे पुन्हा तीन-चार वर्षं तरी मिळणार नाहीत, म्हणून आज जरा नीट समजून घेऊया.

आधी एक किस्सा

माझ्या मावसभावाने दोन वर्षांपूर्वी स्टेशनजवळच्या एका दुकानातून साधारण बावीस हजारांना कोराकरकरीत लॅपटॉप घेतला. सीलपॅक बॉक्स, बॅग फ्री, माउस फ्री. आत सेलेरॉन प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी स्टोरेज. पहिला महिना मजेत गेला. मग विंडोजचा मोठा अपडेट आला आणि जागाच उरली नाही. क्रोमचे पाच टॅब उघडले की माउस अडखळायचा. सेमिस्टर संपेपर्यंत साहेब असाइनमेंट परत मोबाइलवर करायला लागले. लॅपटॉप खराब नव्हता, पण ज्या कामासाठी घेतला त्या कामाचा नव्हता. मावशीने भिशीचे पैसे घातले होते, त्यामुळे घरी काय झालं ते विचारू नका.

मग चूक कुठे झाली?

"नवा" म्हणजे "चांगला" नाही

त्या लॅपटॉपमध्ये तीन गोष्टी अडल्या.

पहिली, स्टोरेज. ६४ जीबी लिहिलेलं असलं तरी विंडोजमध्ये ते साधारण ५९ जीबीच दिसतं. त्यातली पंचवीस-तीस जीबी जागा विंडोज ११ स्वतःच घेतं. शिवाय हे स्टोरेज ‘ईएमएमसी’ प्रकारचं होतं, म्हणजे स्वस्त मोबाइलमध्ये असतं तसं, बोर्डावरच चिकटवलेलं. त्याचा वेग जास्तीत जास्त सेकंदाला ४०० एमबी. साधी साटा एसएसडी ५५०च्या आसपास जाते, आणि एनव्हीएमई एसएसडी सहज २,०००च्या पुढे.

दुसरी, रॅम. ४ जीबी हे विंडोज ११चं किमान प्रमाण आहे. किमान म्हणजे चालू होईल इतकंच. काम करायचं तर ८ जीबी हवीच. त्या लॅपटॉपमध्ये रॅमसुद्धा बोर्डाला चिकटवलेली होती, म्हणजे नंतर वाढवायचा रस्ताच बंद.

तिसरी, प्रोसेसर. सेलेरॉन हा हलक्या कामासाठीच बनवलेला असतो.

स्वस्त लॅपटॉपचं स्वप्न कर्जत लाइनवरही आलं होतं

तुम्हाला माहीत आहे का, ‘शंभर डॉलरचा लॅपटॉप’ म्हणून जगभर गाजलेला प्रयोग आपल्याच रेल्वे लाइनच्या पुढच्या टोकाला झाला होता? अमेरिकेतल्या निकोलस निग्रोपाँटे यांच्या ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ प्रकल्पाचे हिरवे-पांढरे लॅपटॉप २००७ साली रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैरात धनगरवाड्याच्या एकशिक्षकी शाळेत आले होते. शंभर डॉलरचं गणित काही जमलं नाही, किंमत १८८ डॉलरच्या आसपास गेली. पण त्या मशीनमध्ये रॅम फक्त २५६ एमबी आणि स्टोरेज १ जीबी असूनही लहान मुलांचं काम भागायचं. कारण त्यातलं सॉफ्टवेअर त्या मशीनच्या मापानेच शिवलेलं होतं, हलक्या लिनक्सवर.

मावसभावाच्या लॅपटॉपमध्ये उलटं झालं. मशीन लहान, आणि त्यावर विंडोजचं पूर्ण ओझं. जिओनेही २०२३ साली १६,४९९ रुपयांना जिओबुक आणलं, ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी स्टोरेजचं. त्यात विंडोज नाही, जिओची स्वतःची सिस्टीम आहे. ब्राउझर, व्हिडिओ, नोट्स एवढंच करायचं असेल तर अशा मशीनचा विचार करता येतो. पण कॉलेजने विंडोजचं एखादं सॉफ्टवेअर सांगितलं, तर ते त्यावर चालणार नाही.

मग पंचवीस हजारांत काय घ्यायचं?

माझं सरळ मत: या बजेटमध्ये नव्यापेक्षा ऑफिसमधून निघालेला जुना लॅपटॉप बघा. मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षांनी लॅपटॉप बदलतात. लेनोव्हो थिंकपॅड, डेल लॅटिट्यूड, एचपी एलिटबुक या ऑफिसच्या सिरीज मजबूत असतात. कीबोर्ड चांगला असतो, आणि बऱ्याच मॉडेलमध्ये रॅम आणि एसएसडी बदलता येते. हेच लॅपटॉप साफसूफ करून ‘रिफर्बिश्ड’ म्हणून विकले जातात.

आणि हो, वजन विचारा. आपल्याला डोंबिवली फास्टमध्ये बॅग पोटावर घेऊन उभं राहायचंय. १४ इंचाचा दीड किलोचा आणि १५.६ इंचाचा सव्वादोन किलोचा यातला फरक ठाणे येईपर्यंत खांद्याला कळतो.

"आय सेव्हन आहे" ऐकून भुलू नका

दुकानदार म्हणतो, "आय सेव्हन देतो, पंधरा हजारात." विचारा, कितवी जनरेशन? मॉडेल नंबरमध्ये उत्तर असतं. आय ५-८२५०यू म्हणजे आठवी जनरेशन, कारण रेघेनंतरचा आकडा ८. आय ५-१०२१०यू म्हणजे दहावी, आय ५-११३५जी७ म्हणजे अकरावी.

आठवी ही लक्ष्मणरेषा समजा. त्याची दोन कारणं आहेत:

- सातव्या जनरेशनच्या आय ५-७२००यू मध्ये २ कोअर होते. आठव्यातल्या आय ५-८२५०यू मध्ये एकदम ४ झाले.
- मोजके अपवाद सोडले तर विंडोज ११ अधिकृतपणे आठव्या जनरेशनपासूनच चालतं. विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. म्हणूनच त्याआधीच्या जनरेशनचे लॅपटॉप बाजारात स्वस्त दिसतात.

एएमडीमध्येही बघून घ्या. रायझन ३ ७३२०यू मधला पहिला ७ पाहून तो नवा वाटतो. पण तिसरा आकडा २, म्हणजे आतली मूळ रचना ‘झेन २’, जी २०१९ साली आली. चिप वाईट नाही, पण तिच्यासोबतची रॅम चिकटवलेली असते. घेतलाच तर ८ जीबीचा घ्या.

दुकानात बसून करायच्या पाच तपासण्या

घाई करू नका, खुर्ची मागा आणि बसा.

१. बॅटरी. सर्चमध्ये ‘सीएमडी’ टाइप करून काळी विंडो उघडा. त्यात इंग्रजीत ‘पॉवरसीएफजी’, मग एक स्पेस, मग तिरकी रेघ आणि तिला जोडून ‘बॅटरीरिपोर्ट’ लिहून एंटर दाबा. एक फाइल तयार होते आणि ती कुठे सेव्ह झाली तेही दिसतं. ती ब्राउझरमध्ये उघडा. ‘डिझाइन कपॅसिटी’ ५०,००० आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ ३१,००० असेल तर बॅटरी ६२ टक्केच उरली. एवढी उतरली असेल तर बॅटरीचे पैसे किमतीतून कमी करून मागा.

२. रॅमचा स्लॉट. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजरमध्ये ‘परफॉर्मन्स’, मग ‘मेमरी’. तिथे २ पैकी १ स्लॉट वापरात दिसला तर पुढे रॅम वाढवता येईल. २०२५च्या अखेरीपासून रॅम चांगलीच महागली आहे, त्यामुळे ८ जीबी आधीच असलेला बरा.

३. कंपनीचं कुलूप. हे फार कमी जण तपासतात. लॅपटॉप रिसेट करायला सांगा आणि नव्याने चालू होताना तुमच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडा. एखाद्या कंपनीचं नाव आणि लॉगिन मागणारा स्क्रीन आला, तर तो लॅपटॉप अजून त्या कंपनीच्या ताब्यात आहे. घेऊ नका. बायोसला पासवर्ड नाही ना, तेही बघा.

४. विंडोज. सेटिंगमध्ये ‘ॲक्टिव्हेशन’ बघा. ऑफिसच्या लॅपटॉपचं लायसन्स बहुधा मशीनमध्येच असतं. ‘लाइफटाइम ऑफिस’ पाचशे रुपयांत टाकून देतो म्हणाले तर नको म्हणा, लिब्रेऑफिस फुकट आहे.

५. बारीकसारीक. स्क्रीन पूर्ण पांढरी करून डाग बघा. प्रत्येक की दाबा. कॅमेरा, स्पीकर, वायफाय, सगळे यूएसबी पोर्ट आणि बिजागर तपासा. चार्जर मूळ कंपनीचा आहे का तेही बघा.

कुठून घ्यायचा?

डोंबिवलीतच घेतला तर एक मोठा फायदा: काही बिघडलं तर संध्याकाळी चालत जाऊन दुकानदाराला गाठता येतं. निवड जास्त हवी असेल तर लॅमिंग्टन रोड आहेच. दादरला उतरा, वेस्टर्नची स्लो पकडा आणि ग्रँट रोड. दोन-चार दुकानांत भाव काढा, पहिल्याच दुकानात पाकीट उघडू नका. ऑनलाइन घेणार असाल तर परत करायची मुदत किती दिवसांची ते आधी वाचा आणि वरच्या पाचही तपासण्या त्या मुदतीतच उरका.

कुठूनही घ्या, पण पक्कं बिल हवं. त्यावर लॅपटॉपचा सीरियल नंबर हवा आणि वॉरंटी किती महिन्यांची, कशाकशाची हे लिहिलेलं हवं. "आपलंच दुकान आहे, कधीही या" ही वॉरंटी नव्हे. चोरीचा माल असेल तर उद्या तुमच्याकडे दाखवायला हेच बिल असतं.

शेवटी

मावसभावाने तो लॅपटॉप आठ हजारांना विकला. मग एक वर्ष सुट्टीत क्लासमध्ये शिकवून पैसे जमवले आणि दहाव्या जनरेशनचा, ८ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडीचा जुना थिंकपॅड घेतला. कोपऱ्यावर ओरखडा आहे आणि झाकणावर कुठल्यातरी ऑफिसच्या स्टिकरचा डाग आहे. पण आज तो त्यावरच प्रोजेक्ट करतोय, आणि मावशी आता त्याला पैशांवरून बोलत नाही.

म्हणून बाबांना दुकानात न्यायच्या आधी मोबाइलवर एवढं लिहून ठेवा: आठवी जनरेशन किंवा पुढची, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी, बॅटरी रिपोर्ट, कुलूप नाही, पक्कं बिल. यातलं एकही कमी असेल तर दुकानातून उठा. दुसरं दुकान आहेच.